अनुरूप साथ

मध्यंतरातच उठलो. साडेनऊला मजकूर हवा होता,
पान कुणासाठी थांबत नाही.
पार्ल्याला, सभागृहाच्या पायरीवर,
वड्याचा तेलकट कागद उलटा करून लिहिलं :
बागेश्रीत बाईंचा धैवत उतरलेला.
पेटीवर श्री. तांबे यांची अनुरूप साथ.

अनुरूप.
वीस वर्षं हा शब्द रबरी शिक्क्यासारखा
उमटवत आलोय मी, शेवटच्या ओळीत.

परवा ते भेटले मंडईत, मेथीची जुडी झटकत.
‘वाचलं,’ म्हणाले. मग बऱ्याच वेळानं,
सुटे पैसे मोजता मोजता :
‘धैवत बरोबर होता हो बाईंचा.
माझ्या पेटीतला तो सूर चढलाय.
मध्यंतरात लक्षात आलं,
मग भैरवीपर्यंत त्या पट्टीला बोट नाही लावलं.
तुम्ही तेव्हा…’

मी तेव्हा फोर्टात,
एका विशेषणासाठी उपसंपादकाशी भांडत होतो.

खुलासा छापून आला. दोन ओळी, निविदांच्या खाली.
चूक माझ्या कानाची, एवढंच लिहिलं.
पेटीचं लिहू नका, असं ते म्हणाले नव्हते.

आणि मंडईतून निघताना
भाजीवालीनं मागून हाक मारली होती :
‘तांबटकाका, कोथिंबीर राहिली!’

तांबट.
हे त्यांनी काढलंच नव्हतं.