केबल नसलेली सकाळ

आज केबल नाही.
आठ महिने तिच्या रिमोटातून माझ्या रिमोटात
एक काळी वायर यायची.
ती चुकली की मी बटण सोडायचो
आणि विमान माझं व्हायचं.

गुमगावच्या पुढे, तुरीपलीकडचं हे माळ.
भोयर सर खुर्चीत, डोक्याला पांढरा दुपट्टा,
मांडीवर क्लिपबोर्ड.
"प्रोपेलर फिरताना उभी कुठी राहशीन?"
"मागं."
"आधी काय चालू करशीन?"
"रिमोट. मग विमान."
"अन् बंद करताना?"
"आधी विमान."

वैजयंती मेश्राम, बुटीबोरीच्या वजनकाट्यावर बसणारी,
चपला झटकून रेषेमागे उभी राहिली.
वाऱ्याला तोंड देऊन उचललं तिनं.
डावा चौकोन. उजवा चौकोन.
समोरून अंगावर येताना
डावं उजवं होतं, उजवं डावं;
तिथं पोरं गडबडतात.
ती नाही गडबडली.

उरला आडवा आठ.
अर्धा झाला, आणि बांधावरून शेळ्या,
मागे मोबाइल कानाला लावलेला म्हातारा.

"उतरवतेय!"
एवढंच ओरडली,
आणि उतरवलं. लांब, गवतात, जरा तिरपं.

भोयर सर बराच वेळ लिहीत राहिले.
"आठ पुरा नाही केला तू, बापा."
"शेळ्या होत्या नं, सर."
"म्हणून तं पास केलं."

म्हातारा विचारत होता, याच्यात माणूस बसते का?
ती त्याला पंख दाखवत होती,
खालून कसा धरायचा तेही.

माझे अंगठे
खिशात अजून
विमान सरळ करत होते.