दुहेरी अवतरण

नारायण पेठेत, छापखान्याच्या पोटमाळ्यावर
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतोय.
काल ऋजुता कानडे आली, गाण्यांची पुस्तिका घेऊन.
चौथं गाणं, तेच. सगळ्या गल्लीला पाठ झालेलं:
खोली आहे, पाणी आहे, दोन्ही वेळचं,
पण तुझ्या रंगाला नाही रे, तुझ्या नाकाला नाही.

"हे मालक म्हणतोय, येमूलकाका. मी नाही.
लोकांना एवढंही कळू नये?"
मी म्हटलं, मग अवतरणं घालू.
घाला, म्हणाली, आधीच घालायला हवी होती.
पेन्सिल टेकवली आणि थांबलो.
कागदावर घालीन. गळ्यात कुठे घालू?
अवतरणचिन्हाला आवाज नसतो.

शेवटच्या कडव्यात मालकाचा मुलगा
फ्रँकफुर्टमध्ये बॅग घेऊन जिन्यात उभा आहे
आणि वरून कुणीतरी जर्मनमध्ये नाही म्हणतं.
चांगलं कडवं आहे. मात्रांना पक्कं.
पण विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर
स्पीकरच्या भिंतीने वरच्या दोन ओळी तेवढ्या उचलल्या,
चाळीस मिनिटं त्याच,
'नाही' आलं की सगळ्यांचे हात वर.
शेवटच्या कडव्यापर्यंत कोण थांबतं?
तोवर दार लागलेलं असतं.

खरं तर मी थांबलो ते भवानी पेठ आठवून.
वडील करीमनगरकडून आलेले, मागावर बसायचे.
आई विड्या वळायची, जुडीगणिक मोजायची:
ओकटी, रेंडू, मूडू.
शाळेत मला यंडुगुंडु म्हणायचे. चाल लावून.
चाल चांगली होती.
घरी येताना, एकटा असलो की,
मीही ती गुणगुणायचो.

हे तिला सांगितलं नाही.
तिच्या आडनावाबद्दलही काही बोललो नाही.
कुठल्यातरी शतकात कुणाच्यातरी ओसरीखाली
'ते कानडे आलेत' असं कुणी आत जाऊन सांगितलं असेल,
मग बोलून बोलून शब्दाची धार गेली,
आडनाव झालं, कोथरूडला पाटी झाली.

दुपारी इद्रिस आला. सुदानचा, राहतो कोंढव्यात.
जमिनीतल्या क्षारांवरचा प्रबंध बांधायला टाकलाय.
त्याचा फोन वाजला: खोली आहे, पाणी आहे.
मी चष्म्यावरून पाहिलं, तसा तो हसत सुटला.
"काका, हुबेहूब आमचे पाचवे मालक!
ही बाई त्यांच्याकडे राहिली होती काय?"
त्याला अवतरणं ऐकू आली होती,
दोन वर्षांच्या मराठीत.

पैसे चुकते करून तो उतरला. मी खिडकीत होतो.
अमृततुल्यापाशी तीन पोरं. एकाने शीळ घातली,
दुसऱ्याने ओळ धरली, सुरात, अगदी सुरात,
तुझ्या रंगाला नाही रे.
इद्रिसने मान खाली घातली नाही.
चाल बदलली फक्त.
तेवढ्यात त्याच्या खिशात तेच गाणं वाजायला लागलं
आणि त्याने ते दाबून टाकलं, पटकन,
चोरी सापडावी तसं.

आता तिला काय सांगू?
चुकीचं ऐकतात म्हणू, तर पोरांनी एक अक्षर बदललं नव्हतं.
बरोबर ऐकतात म्हणू, तर इद्रिस हसला होता.

रात्री प्रूफ पुढे ओढलं.
एकेरी की दुहेरी? नियम सोपा आहे,
दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य दुहेरीत.
म्हणजे एकेरीवर आलेल्या मालकाला दुहेरीत बसवायचं.
बसवलं. दोन्हीकडून, घट्ट.
समासात बारीक अक्षरात लिहिलं: गाताना?
मग खुणा मोजून घेतल्या, सवयीने,
ओठांतल्या ओठांत,
ओकटी, रेंडू.