आधी हात

पॉलीहाऊस नंबर सातची शिट्टी होते तशी
मी पाळणाघराच्या दारात जाऊन उभी राहते,
दार अडवून. माझं अंग दाराएवढं आहे, हे एक बरं.

नैवाशाच्या तळ्याकडून वारा येतो.
इतकी लाखो फुलं, पण त्याला वास फवाऱ्याचा,
जिभेच्या मुळाशी बसणारा, कडसर.
खिडक्या मी वारा बघून उघडते.

चेपकेमोई धावत येते.
पोरगं आत रडतंय, तिला लांबूनच कळलंय,
ओव्हरऑलवर छातीपाशी दोन ओले डाग.
पान्हा काही शिट्टीची वाट बघत नाही.
"सोड, अवुओर."
"आधी हात."
"अगं, तो रडतोय!"
"रडू दे. हात, मग कोपरापर्यंत, मग मान.
ओव्हरऑल त्या खुंटीवर. बूट बाहेर.
नखं दाखव."

मला खाष्ट म्हणतात. पाठीमागे स्वाहिलीत,
तोंडावर माझ्याच लुओ भाषेत,
म्हणजे नीट कळावं म्हणून.
म्हणोत.

मॅनेजरने एकदा निळा पिंप पाठवला,
पाण्यासाठी, मजबूत आहे, धुऊन घ्या.
झाकणावरची कवटी कुणीतरी खरवडून काढली होती,
दात तेवढे राहिले होते.
मी तळाला खिळ्याने सात भोकं पाडली
आणि आभाराची चिठ्ठी पाठवली.

बावीस पोरं. निजली की मी मोजते,
डोकी नव्हे, श्वास.
उताणं निजवायचं, तोंडावर फडकं नको,
उशी तर नकोच, सासवा काहीही म्हणोत.
मुटुआच्या छातीत कबुतर घुमतं,
त्याच्याजवळ मी दोनदा वाकते.

मीही नऊ वर्षं गुलाब छाटले.
तेव्हा दार नव्हतं, नळ नव्हता,
बाभळीखाली खोका होता
आणि खोक्यात माझी लेक.
शिट्टी झाली की धावायचे, तशीच,
हात झग्याला पुसून उचलायचे.
ती आता नाकुरूला कॉलेजात आहे.
फोनवर बोलता बोलता थांबते, पंप शोधते,
मी इकडे गप्प,
तिच्या वाटचा श्वास ओढत.
फवाऱ्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत.
नाही, असंही म्हणाले नाहीत.

नळ बंद होतो.
चेपकेमोई कोपरांतून पाणी गाळत येते,
अंगाला पिवळ्या साबणाचा वास.
मी बाजूला होते.
किप्रोनो, संध्याकाळी शेळ्या परतताना जन्मला म्हणून किप्रोनो,
हुंदका अर्धाच टाकून दुधाला लागतो.

वहीत लिहिते: नऊ वाजून चौदा.
तिच्यापुढे नाचणीच्या पेजेचा पेला सरकवते.
ती घेते, माझ्याकडे बघत नाही.
आज सोमवार.
बोलेल गुरुवारपर्यंत.