अकरा मिलिमीटर

चौदा वर्षं मी टोप्यांच्या कारखान्यात आहे.
फेल्ट वाफेवर मऊ करायचं,
लाकडी साच्यावर ओढायचं,
गार होईतो दाबून धरायचं.
डोकी मला कळतात, असं मी म्हणत असे.

आणि माझ्याच लेकीचं डोकं
मागून, उजवीकडे, बसलेलं,
ते आधी दिसलं माझ्या सासूला.
रविवारी, सार्डिन साफ करता करता, मान वर न करता:
"हिला तशीच टाकून ठेवतेस काय गं, ग्रासिएत?"
टाकून.
तो शब्द रात्रभर उशाशी बसून राहिला.

अडीच वाजता मी अंधारात चाचपते.
इकडे गोलाई. तिकडे पाट.
पाटाकडचा कान जरासा पुढे सरकलेला,
कुणी हाक मारल्यावर एकटाच उठून गेल्यासारखा.
आदेरितो म्हणतो, केस आले की झाकेल सगळं.
आणि तुझ्यावर गेली तर?
तो आपल्या टकलावरून हात फिरवतो
आणि कूस बदलतो.
त्याला बदलता येते.

डॉक्टर क्विन्तेला आधी टाळू बघतात,
मग बोटांनी कवटीचे सांधे, एकेक, सावकाश.
"उघडे आहेत. मेंदूला जागा आहे."
एवढं वाक्य ऐकायला मी तीन आठवडे श्वास धरून होते,
आणि ऐकलं तेव्हा नेमकी बेनेदिता ओकली.
मग कंपाससारखं काहीतरी,
कपाळापासून तिरपं मागे, पुन्हा उलट तिरपं.
फरक अकरा मिलिमीटर.
मी म्हटलं, आमच्याकडे दोनासाठी अख्खा माल परत येतो.
त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

झोपवायचं पाठीवरच, त्यात बदल नाही.
जागी असली की पालथी घाला, रडली तरी थोडा वेळ.
मानेचा डावा स्नायू आखडलाय, म्हणून ती उजवीकडेच बघते.
हेल्मेट? पोर्तोला करतात,
दिवसाचे तेवीस तास घालायचं.
किंमत त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिली, उच्चारली नाही.
"ती चारच महिन्यांची आहे. आठ आठवडे मान सोडवू, मग ठरवू."

नोएमिया मान सोडवायला शिकवते.
एक हात खांद्यावर, एक गालाखाली,
आणि तीस आकडे.
"दुखत नाही तिला, राग येतो," ती म्हणते.
सतराव्या आकड्याला माझाच हात सुटतो.

अमांदियूला मी काही सांगितलं नव्हतं.
पण कारखान्यात भिंतींना कान आणि खुंट्यांना टोप्या.
जेवणाच्या सुट्टीत त्यानं जुना खण ओढला.
माप घ्यायच्या यंत्रानं टोचलेले कागद,
प्रत्येकावर एका डोक्याचा आकार:
नोटरी, पाद्री, लग्नाआधी पळालेला एक नवरदेव.
एकही गोल नाही. सगळे बटाटे.
"आणि याच माणसांना आपण म्हणतो, साहेब, अगदी फिट्ट बसली."

मग त्यानं ते यंत्र माझ्या डोक्यावर ठेवलं.
थंड, जड, पियानोच्या पट्ट्यांचा मुकुट.
कट्‌.
कागद उजेडात धरला:
मागे, उजवीकडे, पाट.

माझी आई इथेच कामाला होती, वाफेच्या चार नंबरपाशी.
मला कुठे निजवायची,
कोणत्या खोक्यात, कोणत्या भिंतीकडे तोंड करून,
विचारायला ती आता नाही.
कुणी तिला विचारलं होतं का, टाकून ठेवतेस काय गं?

संध्याकाळी आम्ही पाळण्याची दिशा फिरवली.
उशाशी होतं ते पायथ्याला,
म्हणजे खिडकी आता डावीकडे.
बेनेदितानं सवयीनं उजवीकडे पाहिलं.
भिंत.
बराच वेळ तिनं भिंतीचाच अभ्यास केला.
मग खालून मासेवालीची गाडी गेली, भोंगा वाजवत,
आणि मान निघाली,
अडखळत, मध्यापर्यंत,
मध्याच्या किंचित पलीकडे.

आदेरितो काही बोलणार होता.
मी त्याच्या तोंडावर हात ठेवला
आणि मनात आकडे मोजत राहिले.