पाठ

शहाद्याच्या बाहेर एक जिनिंग आहे, उन्हाळ्यात बंद.
मालक चावी देतो, वीज देत नाही.
तिथे पाचपासून दिवेलागणीपर्यंत
मी चौदा पोरी नाचवते.
पाय आपटला की फरशीच्या फटीतली
गेल्या हंगामाची रुई उठते,
घुंगरांत शिरते, आवाज बसतो.
मग वेस्ता ढोल उतरवून विडी प्यायला बाहेर जातो.
आत काडी ओढायची नाही,
एवढा एकच नियम मालकाचा.

ठुमली विचारते, मावशी, डावा आधी की उजवा?
मी म्हणते, आधी कान.

खरं सांगायचं तर मला शिकवता येत नाही.
मला नाचता येत होतं.
धडगावच्या वरच्या अंगाला, होळीच्या रात्री,
झेलीआत्याच्या कमरेला हात घालून
ती गेली तिकडे गेले,
आणि पहाटे कळलं, येतंय.
तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.
तिचा चेहरा आता नीट आठवत नाही.
चांदीची साखळी आठवते,
मानेवरचं गोंदण,
आणि कण्यावरून उतरलेली घामाची वाट.

हल्ली कागद येतो. वेळ आठ मिनिटं.
प्रेक्षकांकडे पाठ करू नये.
चेहऱ्यावर हास्य असावं.
होळीत हसायला सांगावं लागत नाही कुणाला,
पण मी खडूने फरशीवर रेघ ओढते
आणि गोल उसवून
पोरींना दुकानातल्या बरण्यांसारखं ओळीत लावते.
वेस्ता बघतो. काही बोलत नाही.
एक थाप मुद्दाम चुकवतो.

दिल्लीच्या एका मेळ्यात, गुडघे कुरकुरत नव्हते तेव्हा,
शेजारच्या खोलीत मेक्सिकोचे लोक उतरले होते.
घागरे एवढे, की दारातून एकेकीने आडवं निघावं.
त्यांची शिकवणारी माझ्याच वयाची,
सकाळी व्हरांड्यात बसून
बुटाच्या तळाला खिळे ठोकत होती.
भाषा नव्हती.
तिने तळ दाखवला: खिळेच खिळे.
मी टाच दाखवली: भेगा.
दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो.
मग तिने आपल्या पोरी उभ्या केल्या
आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.
समोर तोंड करून शिकवलं
तर तिचा उजवा त्यांचा डावा होतो,
हे तिने मला हातवारे करून सांगितलं,
जणू मला ठाऊक नव्हतं.
नव्हतंच ठाऊक.
मी फक्त झेलीआत्याच्या मागे होते.

तेव्हापासून मीही पाठमोरी.
मागे काय चाललंय ते पायांच्या आवाजावरून कळतं:
मोगली आळस करते, टाच टेकवत नाही.
झुनकी घाईची, बस पकडायची असल्यासारखी.
ठुमली थांबते, ऐकते, मग टाकते पाऊल.
ती उशिरा येते, पण बरोबर जागी येते.

नाशिकच्या स्टेजवर
तिसऱ्या फेरीला ठुमलीचे घुंगरू तुटले.
मणी घरंगळत दिव्यांपर्यंत गेले.
तिने ढोलाकडे पाहिलं. ढोल मागे होता.
ती वळली.
तिच्या कमरेला हात असलेली मोगली वळली,
मग झुनकी, मग सगळ्या.
वेस्ता कधी मधोमध आला, कळलंच नाही.
मी विंगेत दात आवळून म्हणत होते, तोंड पुढे, गं, तोंड पुढे,
आणि माझे पाय खाली
केव्हाचे आपलं आपलं चालू लागले होते.
आठव्या मिनिटाला घंटा वाजली.
कुणी ऐकली नाही.
परीक्षकांनी पेनं खाली ठेवली.
त्यांच्यासमोर चौदा पाठी.

सहभागाचा कागद मिळाला, एक,
चौदा जणींत.

परतताना दोंडाईचा आलं तेव्हा रात्रीचे दोन.
जीपमध्ये मिरचीचा खकाणा शिरला,
अर्ध्या पोरी झोपेतच शिंकल्या.
मागून ठुमलीचा आवाज:
मावशी, चुकलं का माझं?

मी पुढच्या सीटवर.
वळले नाही.