गैरहजर

चौदा तारखेला मी आले होते.
हे तिसऱ्यांदा सांगते आहे,
आणि दर वेळी वाक्य जरा आटतंय,
पहिल्या धुण्यात आटलेल्या परकरासारखं.

माझ्या नावापुढे लाल शाईत 'गै. ह.'
दोन अक्षरं, दोन टिंबं.
तेवढ्यावर बेकारीचा भत्ता थांबला.
वाण्याची वही मात्र चालू आहे.

चकाल्याहून मरोळपर्यंत चालत आले होते.
जाताना बसचे दहा रुपये वाचवले की येताना चहा होतो.
पिशवीत पासबुक, आधार
आणि कंपनीचं पत्र:
आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.
कमी.
एकोणीस वर्षांनंतर
मला नेमकं कशातून वजा केलं,
ते त्यात लिहिलेलं नाही.

पंख्याखालच्या बाकावर बसले होते.
शेजारी साकीनाक्याचा एक वेल्डर,
त्याने अर्धं मोसंबं दिलं.
साली कुठे टाकायच्या कळेना म्हणून मुठीतच धरल्या होत्या.
साडेअकराच्या सुमाराला आतून हाक आली: वाघमारेबाई!
कुणी उठलं नाही.
वाघमारेबाई आहेत का?
मी पण इकडेतिकडे पाहिलं.

मी वाघचौरे.
लग्नानंतर दोन-तीन वर्षं लागली होती
या आडनावाला ओ द्यायची सवय व्हायला.
आई म्हणायची, ओळख पटल्याशिवाय हाकेला ओ देऊ नये.
ती भुतांबद्दल बोलत होती.
पण हल्ली रात्री दोन-अडीचला जाग येते
आणि वाटतं, उठायला हवं होतं का?
पोट भरत असेल तर
क्षणभर वाघमारे व्हायला काय गेलं असतं?

लोखंडेसाहेब माणूस वाईट नाहीत.
मानेला पट्टा, आवाज खाली.
मी मुलाच्या मोबाइलवरचा मेसेज दाखवला:
तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला चार रुपये,
चौदा तारीख, दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं.
त्यांनी चष्मा वर करून नीट वाचला.
म्हणाले, हे झेरॉक्सकडे आल्याचं झालं, बाई.
आमच्याकडे आल्याचं नाही.

जिन्यात किती पायऱ्या आहेत ते सांगू का?
बत्तीस. अकरावी फुटलेली.
वेल्डरला शोधून आणू का?
नाव विचारलं नाही मी त्याचं.
मोसंबं सोलताना कोण विचारतं?

त्यांच्या टेबलावर, पेपरवेटच्या आडोशाला,
गोळ्यांची स्ट्रिप होती.
आमची.
निळी पट्टी, कोपऱ्यात बॅच नंबर, फेब्रुवारी.
फेब्रुवारीत मी लाइनवर होते.
पट्ट्यावरून स्ट्रिपा सरकत यायच्या,
एका नजरेत दहा खण,
एखादा रिकामा दिसला की उचलून बाजूच्या टबात.
एकोणीस वर्षं मी फक्त एवढंच बघितलं:
कोण जागेवर आहे, कोण नाही.
माझी चूक काढून दाखवा म्हणावं.

बोलायला तोंड उघडलं,
तेवढ्यात त्यांनी एक गोळी दाबून काढली,
पाण्याशिवाय गिळली,
आणि मान चोळत म्हणाले,
अर्ज द्या. हजर असल्याचा. दोन प्रतींत.

लिहिला. उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर.
मी, खाली सही करणारी,
सदर दिवशी सदर ठिकाणी होते.
'होते' दोनदा गिरवलं गेलं, पेन अडखळत होतं.
पोच मागितली.
शिक्का उठला, पॅडवर दबला, माझ्या प्रतीवर पडला.

फाटकाबाहेर येऊन पाहिलं.
शिक्क्यावरची तारीख कालची.
सकाळी फिरवायची राहिली असेल.

काल मी घरी होते,
रेशनच्या तांदळातले खडे काढत.
सरकारदरबारी मात्र
काल मी इथे हजर.

परत वर जावं की जाऊ नये,
बत्तीस पायऱ्या.
कागद घडी करून पासबुकात ठेवला
आणि चहाचे दहा रुपये
हाताने चाचपून पाहिले.