एकदा म्हणजे काप

फेब्रुवारी सरत आलाय.
सकाळी बर्फाची पापडी पाय पेलते,
दुपारी तीच पाय गिळते.
म्हणून सातलाच निघतो आम्ही.
गाडी रस्त्याकडेला लावून
मी तोकुझोला माझ्या जागेवर सरकवते,
हीटर चालू, काच चार बोटं खाली,
आणि तीन पायांची शिडी ओढत बागेत शिरते.

चाळीस वर्षं छाटणी त्याची.
माझ्याकडे विरळणी, सफरचंदांना पिशव्या चढवणं
आणि त्यानं खाली टाकलेल्या फांद्यांच्या मोळ्या.
करवतीला हात लावला तो फक्त पुसायला.

नोव्हेंबरात, शेवटच्या तोडणीला,
त्याच्या डोक्यात एक शीर फुटली.
उजवी बाजू गेली, आणि शब्द.
उरला एक ‘ओ’.
भुकेला ओ, लघवीला ओ,
इवाकी डोंगर ढगातून निघाला तरी ओ.
सेंदाईहून मुलाचा फोन: बाग सोमांना देऊन टाका.
आम्ही गाडीतच होतो.
तोकुझोनं डावा हात लांबवून
हॉर्न दोनदा वाजवला.

तिथून सुरू झालं हे.
एकदा म्हणजे काप.
दोनदा म्हणजे राहू दे.

करवतीचं टोक फांदीला लावायचं
आणि मान वळवून थांबायचं.
पाणसोट, सरळसोट, माजलेले: एकदा.
बुंध्याकडे तोंड करून बसलेली: एकदा.
एकमेकींना घासणाऱ्या दोघींतली
मी जाडी दाखवली. दोनदा.
बारीक दाखवली. एकदा.
का, ते विचारायची सोय नाही.

शेंडा मारताना मात्र मी वळून बघत नाही.
डोळा निवडायचा, बाहेर बघणारा,
त्याच्या वर नखाएवढं सोडून तिरका काप,
पाणी डोळ्यावरून न येता मागे ओघळेल असा.
हे कुणी शिकवलं नाही.
मोळ्या बांधताना त्याचे सगळे काप
माझ्या बोटांखालून गेलेत.

दहाच्या सुमारास पश्चिमेच्या थोरलीला भिडले.
त्याच्या वडिलांनी राखलेली, मांडीएवढी,
दोन हिवाळ्यांच्या ओझ्यानं चिरलेली.
मी दाखवली.
हॉर्न नाही.
पुन्हा दाखवली.
मग एकदा, आखूड,
कुणी घसा खाकरावा तसा.

करवत वरून चालवली.
चार बोटं आत गेली असेल,
आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना.
कावळे उठले.
त्याचं डोकं स्टिअरिंगवर पडलंय
असंच मला दिसलं.
शिडी उतरले की पडले, आठवत नाही.
मांडीभर बर्फ तुडवत काचेशी पोचले
तर तो लालबुंद, डोळे वटारून,
डाव्या तळव्यानं हवा कापतोय
खालून वर, खालून वर.

आधी खालून.
आधी खालून चीर द्यायची,
मग थोडं पुढे सरकून वरून,
नाहीतर फांदी स्वतःच्याच वजनानं मोडते
आणि बुंध्याची साल सोलत नेते.
ओ, तो ओरडला, ओ,
म्हणजे मूर्ख.
नोव्हेंबरपासून इतकं स्पष्ट
तो काही बोलला नव्हता.
मी बर्फात बसून हसले.
नाक गळत होतं, तेही पुसलं नाही.

तीन कापांत उतरवली.
सालीला सुरकुत्या पडतात तो फांदीचा गळा;
त्याला धक्का नाही, त्यापुढे खुंटही नाही.
कडेकडेनं ओठ मिटत आणायला
झाडाला पाच-सहा वर्षं लागतील.

बाराला बर्फ मऊ झाला.
रस्त्याकडेची ओळ संपली होती.
दुसरी ओळ गाडीतून दिसत नाही.

रात्री विचारलं, उद्या कसं करू?
तो भात चावत होता.
बराच वेळ चावत राहिला.
मग चमचा वाटीवर आपटला,
एकदा.

अजून भात हवा असेल.
मी वाढला,
आणि करवतीला कानस लावायला बसले.